कुणीतरी पुरे म्हणा

दीपाली मिरजी एका शब्दाची वाट पाहत होती, आणि चार रविवार उलटले तरी तो शब्द कुणाच्या तोंडून निघत नव्हता. शब्द साधाच होता. ‘पुरे.’ कानडीत ‘साकु’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं उठून चप्पल घातली असती तरी दीपालीनं ते धरलं असतं. पण हुबळीच्या कापडबाजारातली चोवीस माणसं आली, सांगितलेलं काम केलं, चहा पिऊन गेली, आणि एकानंही पुरे म्हटलं नाही.

दीपाली धारवाडला मानसशास्त्रात पीएचडी करत होती. तिसरं वर्ष. विषय असा, की वरच्या माणसाचं माणूस का ऐकतो. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका प्राध्यापकानं हा विषय गाजवला होता. कोटातला एक माणूस शांतपणे ‘चालू ठेवा’ म्हणत राही, आणि नाकासमोर चालणारे साधे लोक दुसऱ्याला विजेचे धक्के द्यायची बटणं एकामागून एक दाबत जात. धक्के खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. तरी निम्म्याहून जास्त लोक शेवटच्या बटणापर्यंत गेले. वर्गात हे शिकवलं तेव्हा बाकीच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेची काळजी वाटली. दीपालीला बाळाचार्य सर आठवले.

बाळाचार्य सर तिचे मार्गदर्शक. विद्वान माणूस, सज्जन माणूस, आवाज कधी चढलेला नाही. तीन वर्षांत दीपालीनं त्यांच्या दोन पुस्तकांची प्रुफं तपासली, एमएच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाचले, नवनगरच्या त्यांच्या घरी पाण्याची टाकी धुणारा माणूस शोधून दिला, आणि त्यांच्या मेहुण्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूरही कानडीतून मराठीत करून दिला. एकदाही नाही म्हटलं नाही. बरं, सरांनी कधी हुकूम सोडला म्हणावं तर तेही नाही. ते फक्त म्हणायचे, “बघ जमतंय का.” या तीन शब्दांत जमत नाही म्हणायला कुठेच जागा नसे. माणसाला कामाला लावायची ही रीत पोलिसखात्यालाही अजून साधलेली नाही.

तर प्रयोग. विजेचे धक्के आता खोटेसुद्धा कुणी देऊ देत नाही, आणि ते बरंच आहे. दीपालीला हवं होतं निरुपद्रवी पण निरर्थक काम, असं की करता करता माणूस वैतागेल आणि कधीतरी हात झटकून उठेल. कोण कितव्या फेरीला उठतो, ते मोजायचं. जगातलं सगळ्यात निरर्थक काम कोणतं, याबद्दल तिला शंकाच नव्हती. तिचे वडील गोविंद मिरजी, म्हणजे अप्पा, यांचं बाजारात साड्यांचं दुकान. लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत तिला गिऱ्हाइकानं मोडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला बसवत. मानसशास्त्राकडे ती वळली त्यात फ्रॉइडचा वाटा थोडा, त्या घड्यांचा जास्त.

प्रयोग असा ठरला. कमरीपेठेत समाजाच्या हॉलवर एक खोली. टेबलावर दहा सुती साड्या. येणाऱ्यानं त्यांच्या घड्या घालायच्या. दहा झाल्या की समोरचा अधिकारी म्हणणार, “आता सगळ्या मोडा आणि पुन्हा घाला.” अशा सहा फेऱ्या. कधीही थांबलात तरी चालेल, हे आधीच सांगायचं. माणूस कुरकुरला तर अधिकारी एवढंच म्हणणार, “कृपया चालू ठेवा,” नाहीतर “संशोधनासाठी हे आवश्यक आहे.” बारा जणांसमोर अधिकारी पांढऱ्या कोटात, बारा जणांसमोर साध्या शर्टात. कोटाचा जोर किती, ते त्यातून निघणार.

अधिकारी म्हणून तिनं शेषगिरी काकांना धरलं. काका पोस्टातून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, आवाज विहिरीतून आल्यासारखा. हौशी नाटकांत चाळीस वर्षं फक्त न्यायाधीश आणि फौजदार केलेले. कोट चढवून आरशासमोर उभे राहिले तेव्हा ते स्वतःच जरा दचकले.

माणसं जमवायचं काम अप्पांनी अंगावर घेतलं. “वेगवेगळ्या धंद्यातली माणसं पाहिजेत हं, अप्पा,” दीपालीनं बजावलं होतं. अप्पांनी बजावणी पाळली. सहा सुतीवाले, आठ रेशमवाले, पाच ड्रेस मटेरियलवाले आणि पाच जण ब्लाउजपीसवाले. त्यांच्या मते जगात याहून वेगळे धंदे फारसे नव्हते.

दीपाली शेजारच्या खोलीत मोबाइलच्या पडद्यावर सगळं बघत बसायची, मांडीवर वही, हातात पेन. पहिल्याच रविवारी हिराबाई आल्या. वय साठीच्या पुढे, हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडजवळच्या एका दुकानात बायकांच्या विभागात तीस वर्षं. पहिली फेरी बारा मिनिटांत आटोपली. शेषगिरी काकांनी घसा साफ केला.

“आता सगळ्या मोडा आणि पुन्हा घाला.”

पडद्याजवळ दीपाली पुढे झुकली. आता चेहरा बदलेल.

“बरं,” हिराबाई म्हणाल्या. “पण एकटीनं सुरकुती राहती बघा. ते टोक धरा जरा.”

काका गोंधळले. असं काही त्यांच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. “कृपया चालू ठेवा,” ते म्हणाले.

“ठेवती की ओ. तुम्ही धरा तर. असं नव्हं, काठाला काठ लावा. डॉक्टर हाय न्हवं तुम्ही? मग एवढं येत न्हाई?”

काकांनी काठाला काठ लावला.

“ताणा. आता चार पावलं माझ्याकडं या. आता मागं जावा. पदर लोळतोय, उचला.”

चाळीस वर्षांत काकांनी एवढ्या मुकाट्यानं कुणा दिग्दर्शकाचं ऐकलं नव्हतं. सहा फेऱ्या झाल्या. हिराबाईंनी सूनबाईचं बाळंतपण सांगितलं, मालकाच्या धाकट्या मुलाचं लग्न मोडलं ते का मोडलं ते सांगितलं, मग काकांच्या गुडघेदुखीवर एक लेप सांगून तो त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला. जाताना विचारलं, “पुढच्या रविवारी यायचं का?”

दीपालीनं वहीत ‘सहा’ लिहिलं.

त्यानंतर प्रसाद आला, तोही सहा. रेखा सहा. तानूबाई सहा, वर आणखी दोन फेऱ्या करू का म्हणून विचारणा. कोट असो की शर्ट, काही फरक पडेना. फक्त शर्टातल्या काकांना लोक ‘अण्णा’ म्हणत आणि कोटातल्यांना ‘डॉक्टर’ म्हणत, आणि दोघांनाही टोक धरायला लावत. चौथ्या रविवारपर्यंत काकांची घडी इतकी सुबक पडायला लागली, की अप्पांनी त्यांना दिवाळीच्या सीझनला दुकानात याल का म्हणून हळूच विचारून ठेवलं.

वहीतला रकाना वरपासून खालपर्यंत भरला होता: सहा, सहा, सहा. चोवीस वेळा सहा. संशोधनात सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर ते उत्तर नसतं, भिंत असते. आणि येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी धारवाडला समितीपुढे हे मांडायचं होतं. समितीनं मान डोलावली तर प्रबंध पुढे जाणार, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

घाबरत घाबरत तिनं सरांना आकडे दाखवले. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि तिनं कधी पाहिलं नव्हतं असं हसले.

“चोवीसपैकी चोवीस? अमेरिकेतसुद्धा एवढं नाही मिळालं.”

“पण सर, कोटानं काहीच फरक—”

“तेच तर. यांना कोटही लागत नाही. आज्ञापालन रक्तात आहे. दीपाली, हा निष्कर्ष बाहेर जाईल. शीर्षक असं घे: ‘सीमाभागातील व्यापारी समाजातील संपूर्ण आज्ञाधारकता’. लगेच लिहायला घे. बघ जमतंय का.”

“हो सर,” दीपाली म्हणाली. तिचं तोंड हे शब्द तिला न विचारता बोलायला शिकलं होतं.

हुबळीला परत येताना बसमध्ये तिनं ते शीर्षक चार वेळा मनात म्हणून पाहिलं. हिराबाई आणि आज्ञाधारक. ज्या बाईनं मालकाला भर दुकानात ‘तुम्ही गल्ल्यावरच बरं दिसता, साडीला हात लावू नका’ असं सुनावलं होतं, ती. आकडे खरे होते, शीर्षक छान होतं, समितीही डोलली असती. फक्त ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे दीपालीखेरीज कुणाला कळायचं कारण नव्हतं. अशा खोट्यानंच तर माणसाची पंचाईत होते.

ती सरळ हिराबाईंच्या दुकानात गेली.

“मावशी, खरं सांगा. तुम्ही थांबला का नाहीत? कंटाळा नाही आला?”

हिराबाई गिऱ्हाइकापुढं बाविसावी साडी पसरत होत्या. “कसला कंटाळा? दिवसाला दोनशे घड्या मोडतात बघ माझ्यापुढं. ‘ते वरचं दाखवा, ते खालचं दाखवा,’ आणि घेत न्हाईत काय बी. त्यापेक्षा तुझं बरं. गिऱ्हाईक न्हाई, भाव करणं न्हाई, पंखा हाय, चहा हाय. आणि ते डॉक्टर बिचारे. एकटेच उभे. सोडून कसं जायचं?”

“म्हणजे त्यांनी सांगितलं म्हणून नाही?”

“त्यांनी काय सांगितलं?” हिराबाईंनी आठवून पाहिलं. “काहीतरी म्हणत होते खरं अधूनमधून. घसा बसलेला वाटला मला. लवंग दिली मी.”

दीपाली तिथेच गादीवर बसली आणि हसत सुटली. जगातलं सगळ्यात निरर्थक काम म्हणून तिनं जे निवडलं होतं, ते निरर्थक फक्त तिच्या एकटीच्या लेखी होतं. मासळीबाजारात जाऊन, मासे साफ करताना किळस कितव्या मिनिटाला येते, असं विचारण्यातलाच प्रकार. पण मग हुकूम कशाला म्हणायचं? जे करायला हात तयारच आहेत ते सांगणं म्हणजे हुकूम नव्हे. हुकूम तो, की ज्यापुढं हात अडतो. या माणसांचा हात कुठं अडेल?

तिची नजर गिऱ्हाइकापुढच्या साडीवर गेली, आणि तिथून गल्ल्याशेजारच्या कात्रीवर.

सरांना फोन केला. अजून एक रविवार हवा, एक टप्पा वाढवायचाय, असं सांगितलं. “प्रयोग संपला, दीपाली,” सर मऊ आवाजात म्हणाले. “आता फक्त लिहायचं. बघ.” या खेपेला ते ‘जमतंय का’सुद्धा म्हणाले नाहीत.

दीपालीनं आयुष्यात पहिल्यांदा ‘हो सर’ म्हणून फोन ठेवला आणि तसं केलं नाही.

पाचव्या रविवारी त्या चोवीसांतल्या बारा जणांना पुन्हा बोलावलं. टेबलावर एकच साडी, कोरी इरकल, लाल काठाची. ती द्यायला अप्पांना दोन दिवस मनवावं लागलं होतं. “कुणी कापणार नाही, अप्पा. कापायला निघालंच कुणी, तर मी थांबवते.” अप्पांचा विश्वास बसला नाही. ते दीपालीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, इस्पितळात ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तसे.

पहिल्या हिराबाईच. घडी घातली. कोटातल्या काकांनी कात्री पुढे केली.

“आता ही मधोमध कापा.”

“काय?”

“ही साडी मधोमध कापा. संशोधनासाठी हे आवश्यक आहे.”

हिराबाईंनी साडी उलगडली, उजेडाकडे धरली, डाग बघितला, कसर बघितली. काही नव्हतं. मग काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. रागावल्या नाहीत. भांडल्या नाहीत. साडीची घडी घालून ती काखेत मारली आणि हात पुढे केला.

“कात्री इकडं आणा.”

काकांनी कात्री दिली.

“सकाळी काही खाल्लंय का?”

“कृपया चालू ठेवा,” काका म्हणाले, पण त्यात आता फौजदार उरला नव्हता.

“ठेवू की. संशोधन तुमचं हाय, असू दे. पण ही कुणाच्यातरी अंगावर जायची हाय. चला, खाली चुरमुऱ्याचं गिरमिट मिळतं, खाऊन येऊ.”

बाजूच्या खोलीत अप्पांनी पहिल्यांदा श्वास सोडला. दीपालीनं वही पुढे ओढली. तिनं लिहिलं: नाही.

तानूबाईंनी कात्री घेतली आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवली, काकांचा हात पोचणार नाही अशी. रेखा म्हणाली, “तुमच्या मिसेसना फोन लावू का, डॉक्टर?” प्रसादनं शांतपणे विचारलं, “कापायला लावणाऱ्याचं नाव काय लिहू? मालकांना दाखवायला लागेल.” काका तीनदा म्हणाले, चारदा म्हणाले, कमावलेला सगळा आवाज पणाला लावला. नाही, नाही, नाही. कुणी चिडून नव्हे. पाहुण्याला दुसरी चपाती नको असते तेव्हा तो ताटावर हात धरतो, तितक्या सहज. दीपाली बघत राहिली. नाही म्हणायला आवाज चढवावा लागतो, पाय आपटावे लागतात, संबंध तोडावे लागतात, असं तिला सव्वीस वर्षांत कुणी न शिकवता कळलेलं होतं. ते चुकीचं कळलेलं होतं.

बारावा आकाश. मोबाइलच्या दुकानातून तीन महिन्यांपूर्वी साड्यांत आलेला. त्यानं कात्री घेतली, “मधोमध म्हणजे नेमकं कुठं, सर?” असं विचारलं, आणि पातं काठाला लावलं. त्या क्षणी दार उघडून गोविंद मिरजी आत घुसले, त्यांनी साडी छातीशी धरली आणि कानडी, मराठी दोन्हींत मिळून आकाशला असं काही बोलले, की शेषगिरी काका कोटासकट भिंतीला लागले.

दीपालीनं प्रामाणिकपणे नोंद केली: अकरा नाही. एक सांगता येत नाही, कारण अप्पा.

आता उरले सर. बुधवारी संध्याकाळी ती नवनगरला त्यांच्या घरी गेली. सरांनी कागद वाचले. शीर्षक त्यांचं नव्हतं. शेवटच्या चार पानांत कात्री होती, अकरा नकार होते, आणि सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलं होतं, की पहिला प्रयोग फसला, कारण संशोधिकेनं काम चुकीचं निवडलं.

“हा पाचवा रविवार,” सर म्हणाले, “मी नको म्हटलं होतं.”

“हो सर.”

“आणि फसला, असं स्वतःच कुणी लिहितं का? ही चार पानं काढ. पहिलं वाक्य काढ. शीर्षक मी सांगितलेलं घाल. शुक्रवारपर्यंत बघ जमतंय का.”

दीपालीच्या तोंडात ‘हो’ तयार होता. नेहमीसारखा, कुणी न बोलावता आलेला. तिनं तो गिळला. मग तिनं सरांच्या हातातले कागद घेतले, नीट एकावर एक लावले, आणि परत त्यांच्यापुढे ठेवले.

“नाही जमत, सर.”

“काय?”

“नाही जमत. तुम्ही दहावं पान परत बघा, तिथं तक्ता आहे. तोपर्यंत आत चहा टाकायला सांगू का? तुमचा पाचचा चहा राहिलेला दिसतोय.”

सरांनी दहावं पान काढून तक्ता बघितला. मग त्यांनी विचारलं, “समितीनं फेटाळलं आणि तीन वर्षं पाण्यात गेली तर?”

“जातील, सर.”

“तुला हे असं करायला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही.”

हे उत्तर सरांना सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी ते दोनदा मनात फिरवलं. आणि मग, माणूस मुळातच विद्वान असल्यामुळे, त्यांच्या आतला संशोधक रागाच्या पुढे जाऊन बसला. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

“नाही म्हणताना नेमकं काय वाटलं?”

“घसा सुकला. कानात धडधडलं.”

“आणि आता?”

दीपालीनं विचार केला. “भूक लागलीय, सर.”

सरांनी ते लिहून घेतलं. चार पानं काढ असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. काढू नको असंही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी धारवाडला समितीत पाच जण होते, आणि कडेच्या खुर्चीत बाळाचार्य सर. दीपालीनं पहिलंच वाक्य वाचलं, “हा प्रयोग फसला,” आणि पाचही जणांनी मोबाइल खाली ठेवले. फसलेला प्रयोग आजवर त्या खोलीत कुणी आणला नव्हता. तिथं सगळे यशस्वीच यायचे. तिनं चित्रफीत लावली. हिराबाई म्हणाल्या, “असं नव्हं, काठाला काठ लावा,” तशा अध्यक्षबाई हसल्या. कात्री आली तेव्हा कुणी हसलं नाही. एकानं पुढे झुकून तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. शेवटी आकाशवर अप्पांनी झडप घातली तेव्हा तर चहा आणणारा शिपाईसुद्धा दारात थांबला.

प्रश्न झाले. पाचवा रविवार परवानगीविना झाला, तेव्हा तो धरता येणार नाही, असं एक जण म्हणाला. ते खरंच होतं, दीपालीनं ते मान्य केलं. बरीच कुजबूज झाली. मग अध्यक्षबाईंनी निर्णय सांगितला: एक वर्षाची मुदतवाढ, रीतसर परवानगी घेऊन कात्रीचा टप्पा पुन्हा करायचा, कापडबाजारात आणि बाजाराबाहेर, आणि प्रबंधाचा विषय आता ‘हात कुठे अडतो’ हाच धरायचा. दीपालीच्या मनात अप्पांचा चेहरा तरळून गेला. वर्षभर इरकल साड्या आणि कात्री.

उठता उठता परवानगीवाले गृहस्थ बाळाचार्य सरांकडे वळले. “सर, काम चांगलं आहे, पण मुलीला जरा शिस्त लावा. मार्गदर्शकाच्या मनाविरुद्ध टप्पे वाढवायचे म्हणजे काय? तुम्ही सांगितलं नाहीत का?”

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. नवीन नातू झाल्याचं सांगताना माणसाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

“सांगून बघितलं की मी,” ते म्हणाले. “ऐकत नाही ती.”